पन्हाळ्यावर चित्रपट महोत्सव भरवायचाच असेल, तर आधी स्टेज काढा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या पदभ्रमंती आणि गिर्यारोहण संस्थांचे पदाधिकारी,
सप्रेम नमस्कार.

येत्या हिवाळ्यात पन्हाळ्यावर साहसी चित्रपटांचा महोत्सव भरवायचं तुमच्या मनात आहे, असं कानावर आलं. दोन रात्री, उघड्यावर, मोठा पडदा लावून. ऐकून मनापासून आनंद झाला. पण ज्यानं ही बातमी दिली त्याला विचारलं, "चित्रपट कुठले दाखवणार?" तर म्हणाला, "ते बघू की नंतर. आधी उद्‌घाटनाला कुणाला बोलवायचं, त्यावरच गाडी अडलीय." तेव्हाच ठरवलं की पत्र लिहायचं, आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहायचं. एकाच संस्थेला लिहिलं तर बाकीच्यांना वाटणार, हा तिकडचा.

माझी मुलगी कॅलगरीला असते. तिच्याकडं गेलो होतो तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि जावईबापूंनी बॅन्फच्या महोत्सवाची तिकिटं काढून ठेवली होती. बॅन्फ हे कॅनडाच्या रॉकी पर्वतातलं गाव, कॅलगरीहून गाडीनं दीडेक तासावर. वस्ती आठेक हजार. १९७६ साली तिथं एका दिवसापुरता गिर्यारोहणाच्या चित्रपटांचा मेळा भरला. चढाईचा मोसम संपलेला आणि बर्फावरचे खेळ अजून सुरू व्हायचे, असे मधले रिकामे दिवस त्यासाठी धरले. आज तो नऊ दिवस चालतो, शेकडो चित्रपट निवडीसाठी येतात आणि त्यातले काही घेऊन तोच महोत्सव जगभर दौऱ्यावर निघतो. आपल्याकडं मुंबई-बेंगळुरूलाही येतो. इटलीतला ट्रेंटोचा महोत्सव त्याहून जुना, १९५२ चा. इंग्लंडात केंडल नावाच्या छोट्या गावात १९८० पासून चालतो, आणि अगदी शेजारी काठमांडूत २००० पासून. आपल्याच राज्यात मुलुंडच्या गिरिमित्र संमेलनानं वीसेक वर्षांहून जास्त काळ डोंगरवाल्यांना एका छताखाली बसवलंय. म्हणजे वाट मळलेली आहे. तुम्हाला फक्त चालायचंय.

बॅन्फला मी जे पाहिलं त्यातलं एकच तपशिलात सांगतो, कारण बाकीचं कुठंही वाचायला मिळेल. दिलेल्या वेळेला दिवे मंद झाले. एक बाई पुढं आली. अंगात स्वेटर, पायात डोंगरात घालायचे बूट. दोन-तीन मिनिटं बोलली, आणि अंधार. दीपप्रज्वलन नाही, शाल नाही, श्रीफळ नाही, "थोड्याच वेळात आपल्यात दाखल होत आहेत" नाही. माझ्या डाव्या हाताला बसलेली बाई त्याच गावात बस चालवायची. उजवीकडच्या पोरानं बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळल्या होत्या, दिवसा कुठल्यातरी कातळावर सोलून घेतली असणार. तिसऱ्या की चौथ्या चित्रपटात दोन गिर्यारोहक अनेक आठवड्यांच्या खटाटोपानंतर वर जातायत, शिखर समोर दिसतंय, आणि हवा बिघडते. दोघं एकमेकांकडं बघतात. एक जण मान हलवतो. परत फिरतात. आणि आख्ख्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या. पोचले नाहीत म्हणून टाळ्या! मी आयुष्यभर सह्याद्रीत फिरलोय, पण मागं फिरणाऱ्याला टाळी मिळालेली तिथं पहिल्यांदा बघितली. नंतर त्यातला एक जण पुढं येऊन उभा राहिला आणि लोकांनी त्याला खोदून खोदून विचारलं. पैसे कुठून आणले, निर्णय कुणाचा, घरी काय सांगून निघाला होता, कॅमेरा नसता तर लवकर फिरला असता का. या शेवटच्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग "बहुतेक हो" म्हणाला.

सगळंच भारी होतं असं सांगून तुमची फसवणूक करणार नाही. काही चित्रपट म्हणजे जॅकेट आणि एनर्जी ड्रिंक विकायला काढलेल्या लांबलचक जाहिराती होत्या. कड्यावरून उडी, संथ गतीत उडणारा बर्फ, ढोल, परत उडी. दहा मिनिटांत माझा डोळा लागला. असला माल आपल्याकडं आणला की पोरं शिट्ट्या मारतील आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातलाच कुणीतरी राऊतवाडीच्या धबधब्यावर रील काढायला निसरड्यावर चढेल. म्हणून चित्रपट निवडायला बसाल तेव्हा काय गाळायचं यावर जास्त वेळ घाला. परदेशातला तयार संच मागवला, प्रोजेक्टरला जोडला, झालं, एवढं सोपं काम मनात असेल तर त्यासाठी पन्हाळ्यावर जायची गरज नाही.

आता आपल्याकडं या. आपल्या कार्यक्रमांचं वेळापत्रक तुम्हाला पाठ आहे. पाहुणे एक तास उशिरा. मग प्रास्ताविक, स्वागतगीत, स्वागत. स्टेजवर बावीस खुर्च्या, एकेकाला पुष्पगुच्छ, एकेकाचं मनोगत. मनोगतात "मी फार वेळ घेणार नाही" हे वाक्य, आणि त्यानंतर पंचवीस मिनिटं. ज्याला ऐकायला माणसं आलेली असतात त्याच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं उरतात, तेवढ्यात जेवणाची रांग लागते. मी हे चिडून लिहीत नाही. या स्टेजवर मीही बसलोय, नारळही घेतलेत. पण चित्रपट महोत्सवाला हे चालत नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे: सूर्य मावळल्यापासून रात्री दहापर्यंत, एवढाच वेळ तुमच्या हातात आहे. दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानं बंदी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, पडद्यावर चित्र नीट उमटेपर्यंत पावणेसात होतात. सव्वातीन तास. त्यातले दीड तास सत्काराला दिले तर उरलं काय?

कस्तुरी सावेकर या आपल्या गावच्या मुलीनं २०२२ साली एव्हरेस्ट सर केलं. हार-तुऱ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले, पुढं पाठवले. पण आठ हजार मीटरच्या वर पाय उचलताना काय होतं, दोर बदलताना हात किती वेळ उघडा ठेवायचा, माघारी येताना डोकं कसं चालतं, हे तिच्यासारखीकडून मोठ्या पडद्यासमोर बसून, प्रश्न विचारत, निवांत ऐकायची सोय आपण गावाला कधी करून दिली? शाल दोन मिनिटांत पांघरून होते. ऐकायला तास लागतो.

तुमच्यापैकी काहींना राग येईल असं एक सांगतो. संस्थेचं नाव घेणार नाही. काही वर्षांपूर्वी जुलैत पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला एका जत्थ्याबरोबर होतो. मसाई पठारावर समोरचा माणूस दिसत नव्हता एवढं धुकं, आणि पाऊस आडवा. करपेवाडीच्या पुढं एका ओढ्यात विशी-बाविशीतला पोरगा घसरला. घोटा असा सुजला की बूट कापून काढावा लागला. जवळच्या शेतात रोपलावण चालू होती. तिथनं चौघं जण चिखलानं भरलेल्या पायांनी वर आले. कुणाला काही विचारलं नाही. दोन चिव्याच्या काठ्या, एक घोंगडं, डोली तयार. त्या चिखलात आम्हाला स्वतःचा तोल सावरत नव्हता आणि त्यांनी पोराला खांद्यावरून गाडीरस्त्यापर्यंत नेलं, दर थोड्या अंतरावर खांदे बदलत. वाटेत एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "तरवा उपटून पडलाय, अंधाराच्या आत लागला पाहिजे." पोहोचवलं, पाणीसुद्धा प्यायले नाहीत, परत गेले.

महिन्याभरानं त्या मोहिमेची फिल्म आली. ड्रोननं घेतलेलं पठार, पाठीमागं पोवाडा, हातात भगवा घेऊन पुढं चालणारे नेते, पावनखिंडीतली घोषणा आणि शेवटी आठ मिनिटं सत्कार. डोली नव्हती. दोघा-तिघांनी फोनवर तिचं चित्रीकरण केलेलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, "अपघात दाखवला की पुढच्या वर्षी नावनोंदणी कमी होते." माझ्या मते त्या मोहिमेत खरोखर शूर असं तेवढंच घडलं होतं, आणि तेवढंच कापलं गेलं.

मला पन्हाळ्यावरच्या पडद्यावर ते चौघं बघायचेत. खरं तर त्यांच्या बाजूनं ही सगळी मोहीमच बघायची आहे. १६६० साली शिवराय सिद्दी जौहरच्या वेढ्यातून भरपावसात ज्या वाटेनं निसटले, ज्या वाटेच्या शेवटी बाजीप्रभू आणि बांदलांनी घोडखिंड अडवली, तिथून आज दर जुलैत हजारो माणसं जातात. ज्याचं शेत त्या वाटेवर आहे त्याला काय दिसतं? त्याला दिसतात रंगीत रेनकोटांच्या रांगा. बांधावरून चालायचं सोडून कडेनं उतरलेला एखादा बूट, फुटलेला बांध, खाचरातून वाहून जाणारं पाणी. ओल्या गवतात बिस्किटांचे पुडे. आणि त्याच वेळी त्याच्या घरची बाई पडवीत शंभर माणसांचा चहा उकळत असते, कारण वाटसरूला नाही म्हणायची त्या घरात रीत नाही. असा वीस मिनिटांचा चित्रपट करायला ड्रोन लागत नाही. त्या गावात चार दिवस मुक्काम लागतो.

आणि एवढ्यावरच का थांबायचं? आजरा-चंदगडच्या उसात आणि भातात हत्ती उतरतात, तिथं पीक राखायला रात्र-रात्र जागणारी माणसं आहेत. राधानगरीच्या जंगलाकडेच्या गावांना गव्यांचं येणं-जाणं पाठ आहे. १९५८ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासूनच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, पण किती दिवस? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बोटी घेऊन पाण्यात गेलेली पोरं याच शहरातली. साहस म्हणजे दोर आणि शिखर एवढंच धरलं तर आपल्या जिल्ह्यातलं निम्मं साहस बाहेर राहील. काठमांडूच्या महोत्सवातही डोंगरात राहणाऱ्यांच्या जगण्याला चढाईइतकीच जागा मिळते.

चित्रपट करणारे आणायचे कुठून, असं कृपा करून विचारू नका. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा बनवून १९२० साली 'सैरंध्री' काढला, जिथं १९२९ साली 'प्रभात' जन्मली, त्या गावानं हा प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. लग्नाचे व्हिडिओ काढणारी, युट्यूबवर तालमींच्या कुस्त्या टाकणारी, पत्रकारितेचं शिकणारी शे-दोनशे पोरं सहज सापडतील. त्यांना सहा महिने आधी सांगा, थोडे पैसे द्या, आणि संकलन जमणारा कुणीतरी अनुभवी माणूस पाठीशी द्या. पैशांचं वेगळं सांगतो: दाखवलेल्या प्रत्येक चित्रपटाला मानधन पाहिजे. "तुला व्यासपीठ मिळतंय की" हे ऐकून ऐकून त्या पोरांचे कान किटलेत.

आता जागा. कुणीतरी सुचवलंय म्हणे, की गडावरच्या अंबारखान्याच्या, म्हणजे जुन्या धान्यकोठाराच्या भिंतीवरच चित्रपट दाखवू, फोटो भारी येतील. नको. ते संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथं खिळाही ठोकता येत नाही, आणि ठोकूही नये. ११ जुलै २०२५ ला इतर अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळगड जागतिक वारसा यादीत गेला. आपण त्याच्या भिंतीकडं पडदा म्हणून बघायला लागलो तर उद्या लग्नाच्या मंडपवाल्याला कुठल्या तोंडानं अडवणार? गावातलं एखादं मोकळं पटांगण बघा, कड्यापासून आत, घरांच्या आडोशाला. कड्यावर वारा असा येतो की हवा भरून उभा केलेला पडदा शिडासारखा फुगतो आणि दोर तुटले तर खाली बसलेल्यांवरच येतो. पाइपांच्या चौकटीवर घट्ट ताणलेला पडदा बरा. तारीख अमावास्येच्या आसपासची धरा. चांदणं सुंदर असतं पण पडद्यावरचं चित्र धुऊन टाकतं. नऊनंतर दव पडतं. प्रोजेक्टरवर छप्पर, लेन्स पुसायला कोरडं कापड आणि प्रेक्षकांना घोंगडं आणायला सांगणारी एक ओळ तिकिटावर. जनरेटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आणि मिरवणुकीचे बॉक्स भाड्यानं आणू नका. त्यांच्यातून छाती हादरते, बोलणं कळत नाही. चित्रपटाला बोलणं कळणारे स्पीकर लागतात.

किती माणसं? माझं मत विचाराल तर चारशे. त्याच्यावर एक नाही. पन्हाळा हे राहतं गाव आहे आणि वर जायला रस्ता तो केवढा! २०२१ च्या पावसात तो खचला तेव्हा वरच्या लोकांचे काय हाल झाले ते आठवा. एरवीसुद्धा रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग किती खाली येते, आपण बघतोच. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे आणि तिथं घर करायचं तर आधी गावात नोकरी-धंदा असावा लागतो, उगाच हौस म्हणून राहायला येता येत नाही. गावाला सोसेल एवढीच माणसं, हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवलंय. आपण निदान दोन रात्रींपुरतं पाळू. खासगी गाड्या गडाखाली वाघबीळला थांबवा, तिथून वर बस करा. वरच्या हॉटेलवाल्यांशी आणि घरगुती जेवण देणाऱ्या बायकांशी आधी बसून बोला, खाण्याचे स्टॉल त्यांनाच द्या. बाहेरून पिझ्झाची व्हॅन आणू नका, हात जोडून सांगतो.

शहरात खासबागेच्या कुस्ती मैदानात करा, असंही एक म्हणणं आहे. मला ते मैदान फार आवडतं. शाहू महाराजांनी बांधलेला तो गोल उतार म्हणजे जगात भारी जागा, कुठूनही बसा, मधलं दिसतंच. पण तिथं काही शे माणसं बसली तर मैदान रिकामंच दिसणार, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये मैदानाला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्यानंतर त्या आवारात पाऊल टाकताना आधी पोटात कालवतं. पाच वर्षांनी महोत्सव मोठा झाला तर तिथं या. तोवर पाऊस-वाऱ्याचं काही झालं तर शाहू स्मारकाच्या सभागृहात एक तारीख राखून ठेवा, म्हणजे झालं.

तिकीट ठेवाच. दोनशे ठेवा, तीनशे ठेवा, विद्यार्थ्यांना निम्मं. पास मात्र एकही छापू नका. कोल्हापुरात पास निघाला की तो कुणाला मिळाला नाही यावरून वर्षभर अबोला चालतो. नगरसेवकांनी तिकीट काढावं, मीही काढीन. परदेशी चित्रपटांना प्रमाणपत्र नसेल तर महोत्सवासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट घ्यावी लागते, त्याचा अर्ज वेळेत करा. आदल्या आठवड्यात धावाधाव नको. आणि जे दोन-चार बाहेरचे चित्रपट घ्याल त्यांना खाली मराठी ओळी पाहिजेत. करपेवाडीहून कुणी आलं, आणि यावंच, त्यांना गाडी पाठवावीच लागेल, तर त्यांनी इंग्रजी ऐकत नुसतं बर्फाकडं बघत का बसायचं? हे मराठी करायचं काम मी अंगावर घेतो. पैसे नकोत. निर्मात्यांची परवानगी तेवढी तुम्ही काढून द्या. निवड समितीत मला घेऊ नका, माझी मतं वर दिसलीच आहेत, भांडणं होतील. तिथं एक शेतकरी, एक चित्रपटाचं शिकलेली पोरगी, एक बचावकार्य करणारा आणि तुमच्यातला एक जण, असे चौघं बसवा, आणि त्यांचा निर्णय कुठल्याही अध्यक्षानं फिरवायचा नाही असं आधीच लिहून घ्या.

पुढच्या बैठकीत हे पत्र वाचलं जाईल असं एका मित्रानं सांगितलंय. वाचा, नावं ठेवा, पण दोन गोष्टींचं उत्तर बैठकीतच ठरवून कळवा: चित्रपट पाठवायची शेवटची तारीख कधी, आणि मानधन किती.

आपला,
पन्हाळा-पावनखिंड वाटेवरचा एक जुना चालणारा
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. पहिल्या रांगेत सोफे मांडू नका. सगळ्यांना सतरंजी. ज्यांना गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी मागं खुर्च्या, आणि त्यातली एक माझ्यासाठी धरा.